खुर्ची आणि कोपरा

अनुयाच्या आईने हॉलच्या ज्या कोपऱ्यात प्राण सोडला, तिथे पीठ पसरून दिवा ठेवला होता. बाबा रोज सकाळी वाकून बघायचे. पिठावर कधीच काही उमटलं नाही. तेराव्यानंतर दिवा उचलला.

पुढच्या महिन्यात अनुया लादी पुसणारा रोबो घेऊन खारघरला बाबांकडे आली. रोबोला काय काय कळतं ते लोकांना मोबाइलवर दिसावं, हे तिचं रोबोच्या कंपनीतलं काम. शब्दही तिनेच निवडलेले, बाबांसारख्यांना चटकन समजतील असे.

रोबो त्या मोकळ्या कोपऱ्याला वळसा घालून गेला. मोबाइलवरच्या नकाशात तिथे आलेली खूण अनुयाने मोठ्याने वाचली, 'इथे माणूस आहे.'

"चुकतोय," म्हणत तिने ती खूण पुसली आणि रोबो पुन्हा सोडला. पुन्हा वळसा, पुन्हा तीच खूण.

"राहू दे गं," बाबा खुर्चीतून हळूच म्हणाले. "मला नाही दिसली. त्याला तरी दिसतेय."

अनुयाने या वेळी खूण पुसली नाही.

"आणि मला काय म्हणतो तो?"

रोबो बाबांच्या पायांशी येऊन पुढे गेला. तिने मोबाइलवर पाहिलं. 'खुर्ची रिकामी आहे.'

"माणूसच म्हणतो, बाबा," ती म्हणाली आणि तिने मोबाइल पालथा ठेवला.