टांगेवाल्याची नवी गाडी

दूध पोचवायचं काम उद्यापासून होतं. गाडी चालवता आली नाही तर ते दुसऱ्याला जाणार होतं. टांगा-घोडा विकून घेतलेल्या इलेक्ट्रिक बाईकवर दौलू मैदानात सकाळपासून झुंजत होता. थांबायचं झालं की जन्माच्या सवयीनं तो मूठ लगामासारखी जवळ ओढायचा, आणि गाडी थांबायची सोडून उधळायची.

पुन्हा तो धुळीत लोळला, तेव्हा बायको हौसा पदर खोचत म्हणाली, "अवो, उठा आता. मला बसू द्या."

"तू कवा लगाम तरी धरलायस का?"

"तुमी कवा दिलाय हातात?"

लगामाची सवय नसलेल्या तिच्या हाताखाली गाडी निमूट चालली, निमूट थांबली.

पहाटे ती पुढं बसली, तो दुधाचा कॅन धरून मागं. गाडीला आवाजच नव्हता, म्हणून पेठेतून जाताना तोच ओरडत होता, "ए बाजूऽऽ!"

लोक लगबगीनं सरकत होते, आणि वळून घोडा शोधत होते.