सिताबाईची चूल

"घर छान आहे, काकू," रणधीर म्हणाला आणि हातातला कॅमेरा त्यानं परत पिशवीत ठेवला. "पण असं घर नकोय आपल्याला."

सरुबाईला काही उमजलं नाही. मुंबईहून सिनेमाची माणसं येणार म्हणून तिनं सकाळी उठून फरशी पुसली होती, फ्रिजवर धुतलेला रुमाल घातला होता, सणाची साडी नेसली होती. तिनं श्रावस्तीकडं पाहिलं. लेक खाली मान घालून मोबाइलवर बोट फिरवत होती. तिच्या सिनेमाचा ट्रेलर आल्यापासून तिचं हेच चाललं होतं.

त्या ट्रेलरमध्ये श्रावस्ती उडत होती. जळत्या शहरावरून, निळ्या पोशाखात. ते बघून इथं तेर गावात पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवसापासून शिव्या सुरू झाल्या. ही काळी पोरगी जग वाचवणार का, असं कुणी लिहिलं. मुंबईच्या कार्यक्रमात ती बोलता बोलता एकदा 'न्हाय' म्हणाली होती. तेवढाच तुकडा कापून लोकांनी त्याचं गाणं केलं. मग कुणीतरी तिचं आडनाव खणून काढलं, आणि त्यानंतर जे आलं ते तिनं आईला वाचू दिलं नाही. हिला काढा, नाहीतर सिनेमा पाडू, म्हणून लोक हटून बसले. श्रावस्ती कुणाला न सांगता गावी निघून आली. तिच्या मागोमाग कंपनीनं प्रसिद्धीचं काम बघणारा हा रणधीर धाडला.

"चिडलेल्या लोकांना उत्तर देऊन भागत नाही, काकू," तो समजावून सांगू लागला. "त्यांना कीव यायला हवी. एक छोटा व्हिडिओ करू. गरिबाघरची मुलगी, तिची आई आणि चूल."

"आमच्याकडं गॅस हाय," सरुबाई म्हणाली. "लई वर्षं झाली."

"तीच तर अडचण आहे."

मागच्या दारातून त्याला शेजारच्या सिताबाईचं पत्र्याचं शेड दिसलं. तिथं ती शेळ्या बांधायची आणि चुलीवर अंघोळीचं पाणी तापवायची. तो तिकडं बघतच राहिला.

सरुबाईनं लेकीला आतल्या खोलीत ओढलं. "हे कशापायी गं?"

"आई, माझ्या जागी दुसरीला घेऊन पुन्हा शूटिंग करायचं म्हणतायत." श्रावस्तीचे डोळे रडून रडून सुजले होते. "एवढ्या बारीला व्हय म्हण."

सरुबाईनं सणाची साडी सोडली आणि घरात वापरायची विटकी साडी नेसली.

शेडातल्या शेळ्या बाहेर बांधल्या गेल्या. सिताबाई दारात उभी राहून बघत होती. "सरू, तुझ्या घराला काय झालं गं?" तिनं विचारलं. सरुबाईनं ऐकलं नाही असं दाखवलं आणि चुलीपुढं बसून फुंकर मारू लागली. सवय मोडली होती. धूर नाकातोंडात गेला, पण रणधीरला हवं होतं ते डोळ्यांतलं पाणी काही येईना. पुन्हा करू, पुन्हा करू, असं त्यानं कितीदा तरी म्हटलं.

शेवटी त्यानं कॅमेरा श्रावस्तीकडं वळवला. ती पोत्यावर आईला टेकून बसली आणि पाठ केलेलं बोलू लागली.

"आमची चूल रोज पेटायची नाही. आई आम्हाला खायला घालून स्वतः पाणी पिऊन झोपायची. आमच्या मागं कुणीच नव्हतं."

तिचं 'नाही' अगदी स्वच्छ होतं. सरुबाईचा हात चुलीपाशीच थांबला. श्रावस्तीच्या बापाला, आबारावांना, घरातून कामाला निघून अजून दिवसही झाला नव्हता. पहाटेच्या गाडीनं ते धाराशिवच्या डेपोत कामावर गेले होते. एसटी दुरुस्त करून करून हातांच्या रेषांत वंगण बसलेला माणूस. घरी आला की ते हात घासून घासून धुवायचा आणि मगच ह्या लेकीला मांडीवर घेऊन घास भरवायचा. नाटक शिकायला पुण्याला जायचं म्हटल्यावर सगळी भावकी विरोधात गेली, तेव्हा तिची पेटी डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत हाच माणूस चालला होता. कुणीच नव्हतं?

सरुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं पदर तोंडाला लावला. कॅमेरा तिच्या तोंडाजवळ आला आणि तिथंच राहिला.

"बास," रणधीर हलक्या आवाजात म्हणाला. "हेच पाहिजे होतं."

आबाराव संध्याकाळच्या गाडीनं परतले, तोवर रणधीरनं दुपारीच टाकलेला व्हिडिओ डेपोतल्या सगळ्यांनी पाहिला होता. ते ओसरीवर बसले, बूट काढले, पाणी प्याले. मग चष्मा लावून मोबाइलवर व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं एकेक वाचू लागले. माफ कर ताई. आईला सलाम. आता सिनेमा नक्की बघणार. एके ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. पाठीमागं उभ्या असलेल्या सरुबाईनंही ते वाचलं.

'बाप दारुडा असणार. असल्या घरात असतोच.' खाली हजारो लोकांना ते पटलं होतं.

आबारावांनी उभ्या जन्मात दारू शिवली नव्हती.

"पप्पा, म्या तसं बोलले न्हाय," श्रावस्ती उंबऱ्यातून म्हणाली.

"व्हय. ऐकलं म्या." त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. "तुला शिव्या देत्यात का अजून?"

"न्हाय. थांबल्यात."

"मग राहू दे तसंच." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि हात धुवायला उठले. मोरीपाशी पोचल्यावर ते थांबले.

"उद्या डेपोत कुणी इचारलं तर म्या काय सांगायचं, तेवढं त्या माणसाला इचारून ठेव."