थंड इंजिन

बोनेट गरम होतं.

शैलेशने हात तसाच ठेवून काशिरामकाकांकडे पाहिलं. जुनी डिझेल पिकअप बघायला गिऱ्हाईक येणार असलं की चतुर मालक आधीच इंजिन तापवून ठेवतो. तापलेलं इंजिन पहिल्या किल्लीला सुरू होतं आणि खरं दुखणं झाकून जातं. मागच्या वर्षी शैलेश असाच एका टेम्पोत फसला होता. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो.

"काका, फोनवर सांगितलं होतं ना, मला थंड इंजिन बघायचंय?"

"पहाटं चालू केली व्हती."

"कुठे गेला होतात?"

"कुठं नाय. हितवरच."

काका गावदेवीच्या पारावर जाऊन बसले. पनवेलच्या या गावठाणाला आता चहूकडून टॉवरनी घेरलं होतं, पण देवळापुढची मोकळी जागा अजून शाबूत होती. काकांचं घर आळीच्या दुसऱ्या टोकाला. गाडी दारात न ठेवता इथे का लावलीय, हाही शैलेशला प्रश्नच होता.

तो तळोज्याच्या कंपन्यांत पाण्याचे जार पोचवायचा. पहिल्या पाळीच्या आधी जार गेले नाहीत तर काम दुसऱ्याला जाणार. सकाळी रुसून बसणारी गाडी त्याला परवडणार नव्हती.

त्याने खाली शिरून चेसिस पाहिली. गंज नव्हता. स्प्रिंगचे पाटे सरळ, मागचा हौदा कुठे ठिगळलेला नाही. डिपस्टिकवरचं ऑइलही ठीक. कुणीतरी या गाडीला जीव लावला होता.

"तुम्हीच चालवता?"

"पोरगा चालवायचा. कल्पेश."

"आणि आता?"

"आता मी," काका म्हणाले आणि चपलेकडे बघत राहिले.

शैलेश करंजाड्यातली कामं उरकून दुपारी परत आला. बोनेट आता गार होतं. काका सीटवर बसले, किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू होताक्षणी त्यांनी पाय दाबला. काळा धूर सुटला, पारावरचं कुत्रं उठून पळालं.

"अहो काका! थंड गाडीला लगेच रेस देऊ नका. टर्बोची वाट लागते."

"मला त्यातलं काय कळत नाय." त्यांनी इंजिन बंद केलं.

पण गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली होती. खोट काहीच नव्हती.

"मग सकाळी तापवून का ठेवली होती?"

काकांनी सांगितलं. कुणाला पत्ता सांगावा तसं, एका सुरात.

"कल्पेश गेला. जासईला, ट्रेलरखाली. बाईकवर व्हता. ही गाडी त्या दिवशी सर्व्हिसिंगला व्हती. त्याची आई तवा हास्पिटलात, हार्टचं झालेलं. डाक्टर बोलला, आता काय सांगू नका, सोसायची नाय. साखरेनं डोळं तर आदीच गेलेलं. ती घरी आली तवापासून रोज पहाटं गाडी दारातून काढतो, हितं आणून लावतो. राती परत नेतो. तिला सांगतो, पोराला बंदरात लय काम हाय, तू झोपलीस का येतो, उठायच्या आदी जातो."

"आणि काकींना खरं वाटतं?"

"ती काय इचारत नाय."

शैलेशला वाईट वाटलं. इंजिन चांगलं निघालं म्हणून बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

"मग विकताय कशाला?"

"त्याच्या शीटवर बसवत नाय आता." काकांनी किल्ली काढून घेतली. "एकच हाय. डाक्टर हो म्हणंपर्यंत गाडी पहाटं माज्या दारातून न्यायची. राती दारात लावायची. तिला आवाज आला पायजे."

शैलेशलाही पहाटेच निघायचं असायचं. त्याने हातात हात दिला. काकांनी किल्ली त्याच्या हवाली केली.

कागद घरी होते. घरात कल्पेशचा दोस्त म्हणून सांगायचं, असं काकांनी आळीतून जाताना बजावलं. काका ते काढायला आत गेले. शैलेश पडवीतल्या बादलीत काळे हात धुऊ लागला. बाजूच्या खाटेवर काकांची बायको मैना पडली होती, डोळे छपराकडे.

"गाडी बगायला आलास?" ती हळूच म्हणाली.

शैलेश दचकला. "नाही काकी, मी कल्पेशचा मित्र..."

"फोनवरचं आयकलंय मी. नको घेऊस, पोरा." तिने आतल्या दाराकडे कान लावला. "हा मानूस दिवसभर नुसता पडून ऱ्हातो. जेव म्हटलं तर जेवत नाय. त्या गाडीपायी तेवडा पहाटं उठतो. आंघोळ करतो, मला चहा देतो. तेवडं तरी ऱ्हाऊ दे त्याला."

"पण काकी, कल्पेश..."

"माजा कल्पेश थंड गाडीला कदी रेस नाय द्यायचा. हास्पिटलातून आले, दुसऱ्या दिवशी पहाटं आयकलं. तवाच कळलं."

काका प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद घेऊन बाहेर आले. मैनाकाकीने मान वळवली.

"कोन आलंय ओ?" ती मोठ्याने म्हणाली.

"कल्पेशचा दोस्त."

"मंग उभा का ठेवलाव? च्या पाजा त्याला."

शैलेशने ओले हात पँटला पुसले. खिशातून किल्ली काढली, काकांना ओट्यापर्यंत बाहेर नेलं आणि त्यांच्या हातात ठेवली.

"नको काका," तो म्हणाला. "टर्बो गेलाय तिचा."