सूर धरणारा

धोंडीबानं सनई तोंडाला लावली, एक फुंकर मारली आणि कळवळून खाली घेतली. सुराऐवजी नुसती फुस्स अशी हवा निघाली आणि हवेबरोबर थोडं रक्त.

मारुतीच्या देवळासमोर नवरदेव घोड्यावर बसून तयार होता. परण्या निघायची वेळ झाली होती. नवऱ्याला वाजतगाजत मांडवात न्यायचं, तर वाजंत्र्यांचा म्होरक्याच तोंड धरून पारावर टेकलेला. झालं होतं असं, की सकाळी मानानं हातावर ठेवलेली सुपारी धोंडीबानं मुंडाशात खोवायची सोडून तोंडात टाकली. दाढा केव्हाच गेलेल्या, म्हणून गडी पुढच्या दातांनी फोडायला गेला. सुपारी शाबूत राहिली, दात गेला. आता ओठ सनईच्या तोंडाची पत्ती धरीनात.

"उरका की रं!" नवरीचा चुलता भाऊसो गर्दीतून पुढं आला. "म्हाताऱ्याला जमत नसंल तर तसं सांगा. कराडचा बँड आणतो. जीप दारात हुबी हाय."

ही नुसती धमकी नव्हती. एकदा का बँड गावात शिरला, की पुढच्या लग्नाला वाजंत्र्यांना कोण बोलावतंय? आजूबाजूच्या चार गावांत तसंच झालं होतं. डफवाला धुळा मान खाली घालून पायानं माती उकरत राहिला.

सिद्धू मात्र पुढं झाला.

सिद्धू या ताफ्यात सूर धरायचा. सनईवाला तान घेतो, थांबतो, दम खातो. मागच्यानं मात्र आपल्या नळीतून तो एकच सूर अखंड चालू ठेवायचा. गाल फुगवून तोंडानं हवा सोडायची आणि त्याच वेळी नाकानं आत ओढायची. एवढं करून वाहवा सगळी सनईवाल्याची. मागं कोण उभा आहे हे नवरदेवाच्या घोड्यालासुद्धा ठाऊक नसतं.

सिद्धूला सनई हवी होती. पण हवी म्हणून तो कुणाजवळ रडत बसला नाही. रोज पहाटे कृष्णेकाठी पाण्यानं भरलेला तांब्या घ्यायचा, त्यात पपईच्या पानाचा पोकळ देठ बुडवायचा आणि फुंकत बसायचा. बुडबुडे थांबता कामा नयेत. लग्नसराई असो नसो, थंडी असो, अंगात कसर असो. धुण्याला आलेल्या बायका त्याच्या बायकोकडं बघून खिदळायच्या. "राहीबाई, तुजा दाल्ला देठानं नदी उकळाय लागलाय बघ!" मग तो उसात शिरायचा आणि एका चिरलेल्या, मेणानं सांधलेल्या सनईवर बोटं बसवायचा. धोंडीबा लग्नात जे वाजवी, ते दुसऱ्या दिवशी उसात वाजे.

"मामा, आणा हिकडं," सिद्धू म्हणाला.

धोंडीबानं त्याला खालून वर न्याहाळलं. "तुला येतंय?"

"येतंय."

त्यात बढाई नव्हती. आपल्या विहिरीला पाणी किती आहे हे जसं मालकाला माहीत असतं, तसं ते होतं. धोंडीबानं सनई दिली. सिद्धूनं ती घेतली आणि आपल्या हातातली सुराची नळी त्याच्यापुढं धरली.

धुळानं जीभ चावली.

"म्या?" धोंडीबा म्हणाला. "तुज्या मागं चालू?"

"पत्ती ओठाच्या कोपऱ्यात धरा, मामा. सुराला दात लागत न्हाईत, गाल लागत्यात. मागं सूर नसला की सनई उघडी पडती. उघडी मी वाजवायचो न्हाई."

"काढू का जीप?" भाऊसो ओरडला.

म्हाताऱ्याच्या नाकपुड्या फुलल्या. आता शिवी येते की थप्पड, हे सिद्धूला कळेना. पण पुढं केलेला हात त्यानं मागं घेतला नाही. शेवटी धोंडीबानं नळी त्याच्या हातातून ओढूनच घेतली.

परण्या निघाला. सिद्धूनं पहिली तान घेतली आणि दारादारांतून माणसं बाहेर आली. त्याला भीती वाटली नाही. उलट असा आनंद झाला, की घोड्याच्याही पुढं धावत सुटावं. आणि चावडीपाशी पाठीमागचा सूर तुटला.

सिद्धूनं वळून पाहिलं. धोंडीबाचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. सिद्धूनं चाल हळू केली, तान लांबवली आणि म्हाताऱ्याचा दम परत येईपर्यंत सूर तुटलेली जागा सनईनंच भरून काढली. वेशीपाशी सूर पुन्हा तुटला. सिद्धू पुन्हा वळला, पुन्हा त्यानं सांभाळून घेतलं. गावाला काही कळलं नाही. भाऊसोची मान तर तालावर डुलत होती.

मांडवात अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली. सिद्धूनं सनई उपरण्यानं हळुवार पुसली आणि पुढं धरली. "मामा, तुमची सनई."

धोंडीबानं ती घेतली नाही.

"वाटंत तू मागं वळून बघितलंस," तो म्हणाला.

"व्हय, मामा."

"येवडी लग्नं वाजवली मी. तू मागं हुतास." म्हाताऱ्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला कवा वळून बघावं लागलं न्हाई रं."

सिद्धूनं पुढं धरलेली सनई परत छातीशी घेतली. तेवढ्यात शेवटचं सावधान झालं, अक्षता उडाल्या आणि चारी बाजूंनी एकच हाकाटी उठली, "वाजवा रं, वाजवा!"

धोंडीबानं सुराची नळी ओठाच्या कोपऱ्यात धरली, गाल फुगवले. आधी सूर लागला, मग सनई.