बोलता येईल इतकंच पळायचं

दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा वस्ताद मॅटवर लेकीला पाय धरून पट काढायला शिकवत होता. कितीतरी वेळ तिचा पाय त्याच्या हातात तसाच राहिला.

लेकीला घरातच दोन गुरू होते. संध्याकाळी कुस्तीसाठी बाप आणि सकाळी लांब पल्ल्याचं पळायला आई. वस्ताद कुरकुरायचा, "पळवून पळवून माझ्या पहिलवानाची पार काडी करशील."

"डाव तुमचे, दम माझा," बायको म्हणायची. "आणि आम्ही पळतो कुठे? आम्ही तर गप्पा मारतो."

तिचा नियमच होता तो. बोलता येईल इतकंच पळायचं. धाप लागून बोलणं तुटलं, की वेग कमी करायचा.

आई गेल्यानंतरच्या पहिल्याच स्पर्धेत, अंतिम कुस्तीत समोरची मुलगी तोंड उघडून धापा टाकत होती. लेकीचं तोंड मिटलेलं होतं. शेवटी शेवटी तिने अलगद पट काढला. लोक वस्तादाची पाठ थोपटत राहिले. पण कुस्ती कुणाच्या दमावर जिंकली, ते त्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बूट चढवले. पुलापर्यंतच त्याचा जीव मेटाकुटीला आला.

"बाबा, बोलता येतंय का?"

त्याने नुसताच हात हलवला.

"मग हळू पळू."

आता तो पुलापलीकडेही जातो. पळता पळता लेकीशी वजनाबद्दल बोलतो, पकडीबद्दल बोलतो, शेजाऱ्याच्या आळशी कुत्र्याबद्दलही बोलतो. तिच्या आईबद्दल बोलायचं मात्र अजून राहिलं आहे.