ओज्दा ते त्लेमसेन, ट्युनिसमार्गे

मोरोक्कोतल्या ओज्दाची बकरी वाट चुकली तर संध्याकाळी अल्जीरियात चरताना दिसते. तिला व्हिसा लागत नाही.

ओज्दाहून कासाब्लांका. कासाब्लांकाहून ट्युनिस. ट्युनिसहून ओरान. पुढे त्लेमसेनपर्यंत बस.

शुक्रवारी जेवायला कुसकुस. दोन्हीकडे.

सरहद्दीवरची नदी कसली, ओहोळच. पण दोन्ही काठांना कुंपण आणि शिपाई. ओरडलं तर शब्द वाऱ्यावर फाटतात, हलवलेला हात तेवढा पोचतो. अलीकडे यम्माचा, म्हाताऱ्या आईचा, पांढरा हायक, सगळं अंग झाकून एक डोळा उघडा. पलीकडे तिच्या मुलाचा, मीलूदचा, पायघोळ टोपीवाला तपकिरी बुरनूस.

त्लेमसेनला मीलूदच्या बायकोने, खैराने दार उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला झाली नाही.

"इतक्या लांबून? कोण मेलं?"

"आधी आत तर घे," जुलीखा म्हणाली. "आणि लांबून कसलं? विमान सरळ आलं असतं तर पट्टा बांधेपर्यंत उतरलं असतं. तुमच्या लोकांनी आभाळालाही कुलूप लावलंय."

"आणि आधी व्हिसा कुणी मागितला होता?"

जुलीखा भावजयीला ढकलूनच आत शिरली. कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसली. वाटेत तिने ती कुणाच्या हातात दिली नव्हती.

"मीलूदला बोलाव."

"बाहेर गेलाय."

"चार वर्षं माझा भाऊ फोन उचलत नाही. तूच उचलू देत नसशील."

"यम्मांनी माझ्या लग्नात काय पाठवलं होतं, ताई? शाप. तोही शेजारणीच्या हाती."

"तरी दर शुक्रवारी नदीवर येतो बिचारा. तेवढं काही तुला थांबवता आलं नाही."

खैराने कॉफी आणून आदळली. बिनसाखरेची.

"आमच्याकडे पाहुण्याला गोड चहा देतात," जुलीखा म्हणाली.

"तुमच्या जिभेवर साखर नसते, म्हणून चहात घालावी लागते."

जुलीखाने कप सरकवला. "ऐक. मी घर विकलंय. मुलीकडे अगादीरला चाललेय. आजपासून नदीवर कुणी येणार नाही. हे मीलूदला मी तोंडावर सांगणार, सगळं सांगणार. त्याशिवाय इथून हलायची नाही."

खैराचा चेहरा उतरला. तिने घड्याळाकडे पाहिलं.

"आज शुक्रवार. यम्मा हट्टी आहेत. तुम्ही नाही आणलंत तर टॅक्सी करून येतील. उन्हात ताटकळतील."

"तू तुझ्या नवऱ्याला बोलावतेस की नाही?"

खैरा उठली. खुंटीवरचा तपकिरी बुरनूस तिने अंगावर चढवला, टोपी नाकापर्यंत ओढली, उजवा खांदा जरा पाडला. दारात मीलूद उभा होता.

जुलीखा पिशवी धरून उठली.

"त्याचा ट्रक उलटला, त्यातच गेला," टोपीच्या आतून आवाज आला. "चार वर्षं झाली. मला काय त्या शिव्या द्या, ताई, पण आल्यावर. त्या म्हातारीला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? गाडी खाली थांबलीय. जाऊन येते."

"थांब," जुलीखा म्हणाली.

तिने पिशवी उघडली. आतून पांढरा हायक काढला. त्याच्या काठाला नदीवरचे गोखरू अजून चिकटलेले होते.

यम्माला ओज्दाच्या कब्रस्तानात पुरलं, त्याला दोन वर्षं झाली होती.