दुसरा जेट

सांगलीच्या गंगाधररावांनी वडिलांची दोन कार्बोरेटरची जुनी मोटारसायकल सहा महिने उघडून ठेवली होती. रविवारी साताऱ्यात जुन्या गाड्यांची फेरी होती, आणि तिथं ती पळाली नाही तर मित्रांत तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. गुरुवारी रसूल मिस्त्रींनी फोनवर सांगितलं, "आवं, जेट चिंचेच्या कोळात बुडवून ठिवा. पितळ लखलखतंय का न्हाई बघा." कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणारे तुरीएवढे ते दोन पितळी जेट गंगाधररावांनी स्वयंपाकघरात वाटीभर कोळात सोडले आणि ते पेट्रोल आणायला गेले.

परतले, तर वाटी धुऊन पालथी.

"कोळ आयता हुता, आमटीत घातला," त्यांच्या पत्नी गोदावरीबाई म्हणाल्या. "आपल्याला संकष्टी, पण आटपाडीच्या व्याह्यांना जेवाय नको व्हय? तीन वाट्या वरपल्या त्यांनी."

एक जेट पातेल्याच्या तळाशी सापडला. दुसऱ्यासाठी गंगाधररावांनी मोरी पाहिली, केराचा डबा पालथा केला, घरात चार येरझाऱ्या घातल्या. शेवटी त्यांची नजर झोपाळ्यावर पान चघळणाऱ्या व्याह्यांच्या पोटावर स्थिरावली. व्याही संध्याकाळच्या एसटीने निघणार होते. गंगाधररावांनी त्यांची पिशवी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

रविवारी मोटारसायकल पहिल्याच किकला सुरू झाली.



आणि आटपाडीत व्याही ज्याला त्याला सांगत होते, "लेकाची सासुरवाडी लय मायेची गड्या. दोन दिस हलू दिलं न्हाई. सकाळी माझं पोट साफ झालं का, ते इचारायला व्याही सोता संडासाच्या दाराशी उभं."